एडिनबरोची पार्लमेंट टूर, आमचं सुवर्णसौध आणि 'ड' चा 'द'

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ज्यांना वेळ नाही त्यांनी इथनंच परत फिरावं. स्कॉटलंडच्या पार्लमेंटची फुकट टूर, पाचातले साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईल. बेळगावचं सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटकाच्या विधिमंडळाची आमच्याकडची इमारत, इमारतीला चार. सर्व्हिसचं... ते पण पुढंच येऊ दे.

तर पोरगी आणि जावई एडिनबरोला असतात, गणपती करून आम्ही दोघं तिकडं गेलो. पहिले दोन दिवस झोपेचाच पत्ता नव्हता, तिसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली बाबा किल्ला बघायला जाऊया, तर आमची ही म्हणाली किल्ले काय आपल्याकडं कमी हायत का, येळ्ळूरचा राजहंसगड चढताना गुडघे गेले ते अजून आले नाहीत. मग किल्ल्यापासनं सरळ उतारानं खाली आलं की रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राजाचा राजवाडा आणि त्याच्या समोरच पार्लमेंट, आत जायला तिकीट नाही. फुकट म्हणल्यावर ही लगेच तयार.

गेटवर विमानतळासारखं चेकिंग. हिच्या पिशवीत स्टीलचा डबा, त्यात चिवडा, मशीनमध्ये काय दिसलं देव जाणे, गार्डनं डबा उघडायला लावला. हिनं उघडला आणि सवयीनं त्याच्यापुढं धरला, घ्या की म्हणून. तो पोट धरून हसला, घेतला नाही खरं. (आमच्याकडं 'पण' च्या जागी 'खरं' येतं, पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.)

आत शिरल्या शिरल्या मला काय दिसलं असेल तर बोर्ड. बेळगावचा माणूस जगात कुठंही गेला तरी आधी बोर्डाची भाषा बघतो, हा आमचा रोग आहे. प्रत्येक बोर्डावर इंग्लिश आणि त्याच्याबरोबर गेलिक. ही गेलिक बोलणारे सगळ्या स्कॉटलंडात शंभरात दोन पण नाहीत. मी जावयाला दोनदा विचारलं, शंभरात दोन पण नाहीत? मग बोर्ड कुणासाठी? तो म्हणाला त्यांची भाषा आहे म्हणून. एवढंच. २००५ ला त्यांच्याच पार्लमेंटनं त्याचा कायदा पण केलाय.

गाइड एक तरुण पोरगी होती, बोलण्यात लई गोड आणि काही लपवत नव्हती. तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. १७०७ ला स्कॉटलंडनं आपलं पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटात विलीन केलं, मग जवळजवळ तीनशे वर्षं सगळा कारभार लंडनहून. १९७९ ला लोकांना विचारलं तुमचं वेगळं पार्लमेंट पाहिजे का, मतदान केलेल्यांत ५१.६ टक्के हो म्हणाले, तरी मिळालं नाही, कारण अट अशी घातलेली की एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी हो म्हणायला पाहिजे, म्हणजे जो घरात झोपला त्याचं मत पण 'नाही' मध्ये धरलं. ही अट ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. सीमाभागात वाढलेल्या माणसाला असल्या अटी लगेच कळतात. मग १९९७ ला परत विचारलं, ७४.३ टक्के हो, १९९८ ला कायदा झाला, १२ मे १९९९ ला पहिली बैठक भरली आणि १ जुलैपासनं अधिकार हातात. पहिल्या बैठकीत सगळ्यात वयस्कर बाईंनी उठून सांगितलं की २५ मार्च १७०७ ला तहकूब झालेली सभा परत सुरू होते आहे. तीनशे वर्षांची तहकुबी! आमच्या ग्रामसभेचा कोरम पण एवढा वेळ थांबला नाही कधी.

इमारतीचा खर्च पण तिनंच सांगितला, आम्ही न विचारता. सुरुवातीचा अंदाज १ ते ४ कोटी पौंड, शेवटी झाले ४१ कोटी ४० लाख, आणि तीन वर्षं उशीर, २००४ ला उद्घाटन. २००६ ला तर सभागृहाच्या छताची एक तुळई सुटली म्हणून सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. खरं फरक बघा, आपल्याकडं असली माहिती आरटीआय टाकून काढावी लागते, इथं टूरमध्ये फुकट देतात.

आमदारांच्या खोल्यांना बाहेरच्या बाजूला खिडकीत बसायची एक एक जागा केली आहे, विचार करत बसायला. त्या मिरालेस नावाच्या स्पॅनिश आर्किटेक्टची कल्पना. ही म्हणाली, अहो हा तर कट्टा की. कट्टाच आहे. फक्त एका माणसाचा, गप्पा मारायची सोय नाही त्यामुळं मी त्याला कट्टा मानत नाही.

मग गॅलरीत बसलो. १२९ आमदार, अर्धगोलात खुर्च्या, समोरासमोर तोंड करून भांडत नाहीत. बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटी वेळेवर नाहीत ह्यावर चाललं होतं. एक आमदार उठून सांगतोय माझ्या भागातली माणसं दवाखान्याला कशी जाणार, आणि मंत्री समोरच बसलेला, त्यानं त्याच तासात उत्तर द्यायचं. मला इंग्लिश निम्मं कळलं, त्यांचा उच्चार तसलाच आहे, खरं विषय पूर्ण कळला. बस वेळेवर नाही हा विषय कळायला भाषा लागत नाही. संध्याकाळी पाचला सगळ्यांचं मतदान, बटणं दाबली, निकाल सांगितला, संपलं.

आता अर्धा स्टार. तो टूरचा नाही, मालाचा कापलाय. ह्या पार्लमेंटची किल्ली अजून लंडनलाच आहे. तिथं कायद्यात लिहिलंय काय काय लंडनकडं राहणार, संरक्षण, परराष्ट्र, बाहेरच्यांना येऊ द्यायचं की नाही, असलं, आणि जे लिहिलेलं नाही ते सगळं एडिनबरोचं. हे मला लई आवडलं, कारण आपल्याकडं उलटं आहे, केंद्राची यादी, राज्याची यादी, दोघांची मिळून एक यादी, आणि उरलंसुरलं सगळं दिल्लीला. शिक्षण पहिल्यांदा राज्याच्या यादीत होतं, १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीत ते दोघांच्या यादीत गेलं. खरं आपल्या राज्यांचे अधिकार निदान घटनेत लिहिलेत, त्यांचे नुसते लंडनच्या कायद्यात. २०२३ च्या जानेवारीत ह्या सभागृहानं पास केलेला एक कायदा लंडनच्या मंत्र्यानं सही होण्याआधीच अडवला. स्वतंत्र व्हायचं का म्हणून परत विचारायचं तर सुप्रीम कोर्टानं २०२२ ला सांगितलं लंडनला विचारल्याशिवाय नाही. आणि त्यांचंच भावंड उत्तर आयर्लंड, तिथलं सभागृह तर २०१७ ते २०२० बंद, परत २०२२ ते २०२४ बंद. आमच्याकडं त्याला प्रशासक बसवला म्हणतात.

आपल्यात पण एक मेख आहे म्हणा. घटनेच्या तिसऱ्या कलमात राज्याची सीमा बदलायचा अधिकार पार्लमेंटला, राज्याचं फक्त मत विचारायचं, ते ऐकलंच पाहिजे असं नाही. म्हणजे १९५६ पासनं आम्ही ज्याच्यासाठी रस्त्यावर आहे ती गोष्ट बेंगलोरच्या पण हातात नाही आणि मुंबईच्या पण नाही. महाराष्ट्र २००४ ला सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा शाळेत असलेली माझी पोरगी आता एडिनबरोत घर घेऊन बसली.

बरं, अधिकार खाली आले की नेमकं होतं काय, हे मला टूरमध्ये नाही, जावयाच्या घरात कळलं. पोरगीला दम्याचा पंप लागतो. आधी ते न्यूकॅसलला होते, म्हणजे इंग्लंडमध्ये, तिथं एका औषधाच्या चिठ्ठीला जवळजवळ दहा पौंड. ट्रेननं दीड तास वर एडिनबरोला आले आणि तोच पंप फुकट, कारण स्कॉटलंडनं २०११ ला चिठ्ठीचे पैसेच बंद केले. डॉक्टर तसलाच, पंप तोच, फक्त सभागृह बदललं. हे ऐकल्यावर आमची ही एकदम म्हणाली, आमचं निपाणीसारखंच की हे.

आणि बरोबर आहे तिचं. तिचं माहेर कोल्हापूरकडं. बेळगावहून ती आधी कर्नाटकाच्या बसनं निपाणीला जाते, फुकट, २०२३ च्या जूनपासनं बायकांसाठी शक्ती योजना. निपाणीत उतरून महाराष्ट्राच्या एसटीत बसते, कारण कोगनोळीची हद्द ओलांडली की तिथनं पुढं बायकांना हाफ तिकीट. डायरेक्ट गाडीत बसली तर जास्त पैसे पडतात म्हणून ती मुद्दाम बदलते, स्टँडवर चहा पिते, त्यात वाचवलेल्यातले निम्मे घालवते, ते सोडा. सत्तेच्या विकेंद्रीकरणावर प्राध्यापक लोक जाडजाड बोलतात, हिनं ते बस स्टँडवर वसूल केलंय.

एक रात्र जावयानं लॅपटॉपवर वेल्सच्या सभागृहाचं लाइव्ह लावून दिलं. वेल्सनं पण १९९७ लाच मत दिलं, आठवड्यानंतर, आणि तिथं अगदी काठावर, ५०.३ टक्के, फरक ६,७२१ मतांचा. आमच्या एका वॉर्डातलं मतदान. तर तिथं एक बाई उठली आणि वेल्श भाषेत बोलायला लागली, पूर्ण भाषण, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांनी मुकाट्यानं हेडफोन कानाला लावला. कुणी ओरडलं नाही, कुणी टेबल वाजवलं नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्के. मी ते भाषण शेवटपर्यंत बघितलं, एक शब्द कळत नसताना. आपल्याकडं पण नियम आहे बरं का, जिथं अल्पसंख्य भाषेची माणसं १५ टक्क्यांच्या वर तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत पण द्यायच्या. आमचा तालुका त्यात डोळे झाकून बसतो. नियम पण डोळे झाकूनच बसलाय.

आता सुवर्णसौध. मी आत जाऊन आलोय, हिवाळी अधिवेशनात ओळखीच्या एकानं पास काढून दिला होता. हायवेवरनं लांबनं दिसतं, हलगा-बस्तवाडच्या माळावर पांढरं शुभ्र, ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालेलं. रात्री लायटिंग केलं की पुण्याहून येणारी गाडी पण स्लो होते. आत स्वच्छता एक नंबर, फरशी चकाचक, पोलीस नीट बोलले, बसायला जागा चांगली, आवाज स्पष्ट. म्हणून चार. भांडायचं काहीच नाही.

खरं सर्व्हिस म्हणाल तर तिथं गोची आहे. वर्षातनं दहाबारा दिवस अधिवेशन. त्या दहा दिवसांत बेळगावात लॉजची खोली मिळत नाही, कुंद्याची दुकानं जोरात, आमदार लोक बॉक्स बांधून नेतात, कोंडसकोप्पला आंदोलनाचे मंडप पडतात, ऊसवाले, अंगणवाडीवाल्या, शिक्षक, सगळे वर्षभराचं गाऱ्हाणं घेऊन येतात, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी मिळणार का नाही हा आमचा ठरलेला सीझन. अधिकारी, फायली, कॉम्प्युटर सगळं बेंगलोरहून येतं, दहा दिवस राहतं आणि परत पाचशे किलोमीटर जातं. काही ऑफिसं मधल्या काळात तिथं हलवली, खरं राज्य पातळीची म्हणजे जिथं सही होते ती ऑफिसं आणायच्या घोषणा आम्ही ऐकूनच आहोत. उत्तर कर्नाटकाच्या विषयांना शेवटच्या दोन दिवसांत ढकलतात ही तक्रार तर इकडचे कन्नड आमदारच करतात. पाहुणा यावा, अंगण भरून जावं, आणि जाताना चुलीला हात पण लावू नये, तसं. सर्व्हिसला दीड.

हे मी मराठी म्हणून बोलत नाही हं, म्हणजे मराठी म्हणून बोलायचं वेगळं आहेच, ते अख्खा जन्म बोलतोय. हे बेळगावकर म्हणून. एक गंमत बघा. ७ फेब्रुवारी २०२४ ला कर्नाटकाचं अख्खं सरकार दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसलं, आमचा टॅक्स आमचा हक्क म्हणून, कारण वाटपात राज्याचा हिस्सा ४.७१३ टक्क्यांवरनं ३.६४७ वर आला. मला पटतं, बरोबर आहे त्यांचं. खरं बेंगलोर दिल्लीला जे सांगतं तेच शब्द न बदलता आम्ही बेंगलोरला सांगतो. नंजुंडप्पा समितीनं २००२ ला ११४ तालुके मागास म्हणून मोजून दिले, त्यातले निम्म्याहून जास्त इकडचे.

आणि ह्याच कर्नाटकानं एकेकाळी देशाला करून दाखवलं होतं. मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडेंच्या वेळी १९८३ चा पंचायतींचा कायदा, अब्दुल नझीरसाब पंचायत खात्याचे मंत्री, गावोगावी बोअर मारून हातपंप बसवले म्हणून लोक त्यांना नीरसाबच म्हणायचे, नीर म्हणजे पाणी. १९८७ ला जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींच्या निवडणुका झाल्या, आणि देशात पंचायतींची ७३ वी घटनादुरुस्ती लागू व्हायला १९९३ उजाडलं. आमचे वडील मंडल पंचायतीच्या त्या ऑफिसात जाऊन काम करून दुपारच्या जेवणाला घरी यायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याच राज्यात आता जिल्हा परिषद आणि तालुका पंचायतीची मुदत २०२१ ला संपली आणि मग वर्षामागनं वर्ष निवडणूकच नाही, कधी वॉर्डरचना, कधी आरक्षण. दिल्लीनं बेंगलोरला द्यावं, बेंगलोरनं मात्र खाली सोडायचं नाही.

आता माझा उतारा. परत आल्यावर पहिलं काम तेच होतं. वडिलांच्या नावात 'ड' आहे, जुन्या मराठी कागदात 'ड' च आहे, मुंबई राज्य होतं तेव्हाचा कागद. मधे कुठंतरी ते इंग्लिशमध्ये गेलं, तिथं 'ड' पण डी आणि 'द' पण डी, मग तिथनं कन्नडमध्ये चढवताना कुणीतरी 'द' टाइप केला. आता आधारमध्ये एक माणूस आणि उताऱ्यात दुसरा, वारसा लागत नाही. एका ऑफिसात गेलो, कुठलं ते विचारू नका. साडेदहापासनं लायनीत, बोर्ड सगळे कन्नडमध्ये, माझं वाचायचं चालतं, लिहायचं नाही. खिडकीत पोचलो तर समोरचा भला माणूस, म्हणाला काका चूक दिसते मला, खरं माझ्या लॉगिनला दुरुस्तीचा ऑप्शनच नाही, वरनं अप्रूव्हल यायला पाहिजे. वरनं म्हणजे? म्हणाला बेंगलोर. एका अक्षराला बेंगलोर! पाचशे किलोमीटर!

माझ्या मागं बैलहोंगलकडचा एक शेतकरी होता, पक्का कन्नड, डोक्याला रुमाल. त्याच्या उताऱ्यात गुंठे चुकलेले. तो म्हणाला, "एल्ला बेंगळूरिगे होगबेक नोड्री." म्हणजे सगळं बेंगलोरलाच जायला पाहिजे बघा. मी म्हणलं हौदु, होय. दोघांची तक्रार एकच, खिडकी एकच, आणि आम्हाला अर्धं आयुष्य सांगितलं की भांडण आमच्या दोघांचं आहे.

एडिनबरोच्या गाइडनं जाता जाता एक सांगितलं होतं, तिथं कुणीही पार्लमेंटाला अर्ज करू शकतो आणि एक सही पुरते, त्याच्यासाठी वेगळी कमिटीच आहे. ही म्हणाली इथं पण देऊया की अर्ज, एक सही तर एक सही. मी मराठीत लिहून नेलेला, खिडकीतला म्हणाला कन्नडमध्ये द्या, नाहीतर पुढं जाणार नाही. मग त्या बैलहोंगलवाल्यानंच माझा अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला, भिंतीला कागद टेकवून, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. 'ड' काढताना मला विचारलं, हाच ना? मी बोटानं कागदावर गिरवून दाखवला. त्याच्या अर्जाला आधारची झेरॉक्स लागत होती, ती मी खालनं काढून आणली, तेवढ्यात त्यानं माझी लाइन धरली.

ज्यांना स्कॉटलंडला जायचंय त्यांनी मंगळवार ते गुरुवार बघून जावं, सभा तेव्हाच भरते, गुरुवारी बाराला मुख्यमंत्र्याला प्रश्न विचारतात त्याचं बुकिंग आधी करावं. डबा न्यायला हरकत नाही. अर्जाची पोच मला मिळाली आहे, सर्व्हर डाउन होता म्हणून नंबर पेनानं लिहून शिक्का मारून दिला. पोचेवर वडिलांच्या नावात 'द' च आहे.